ऑर्गन, टेप आणि माझी चार वर्षं

३ फेब्रुवारी १९६९, सोमवार

धाड गावचे बँडवाले भगवानराव आज जीपमधून इलेक्ट्रिक ऑर्गन घेऊन आले! मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलातला, जुना. लाल रंग उडालेला, दोन पट्ट्या मुक्या.
"मास्तरीणबाई, आमच्या गावात लाईट येते कमी अन् जाते जास्त. तुमच्या घरी ठेवतो. तुम्ही शिका, मंग मले शिकवा."
मी शाळेत गाणं शिकवते, एवढ्या भांडवलावर हा विश्वास!
बाबा पेपराआडून म्हणाले, "हे वाद्य नाही. बिघडलेला रेडिओ आहे."
बाबा कोर्टात कारकून. घरात न्यायाधीश.

६ फेब्रुवारी

ऑर्गनला अनवाणी हात लावू नये. झटका बसला. असं तार सप्तक आजवर लागलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

अकोल्याचं स्थळ. मुलगा बँकेत. त्यांना यायला सवड नाही, म्हणून मुलीचं गाणं टेप करून पाठवा म्हणे. आपल्याकडे टेपरेकॉर्डर आहे हे कळवण्याची ही रीत असावी.
बाबांनी पत्रात माझं वय चोवीस लिहिलं. मी अठ्ठावीसची. "चार वर्षांनी काय बिघडतं?" म्हणाले. कोर्टाच्या कागदावर असं केलं असतं तर नोकरी गेली असती!

१० फेब्रुवारी

शालिग्राम वकिलांचं टेपचं मशीन मागून आणलं. खिडकीला घोंगडी, दाराला गोधडी, माइक कपड्यांच्या दोरीला टांगलेला. जवळ घेतला तर माझा श्वास फुसफुसतो, लांब नेला तर शेजारच्या झुंबरबाईंची भांडी वाजतात. हातभर अंतर बरं. ऑर्गन मधमाश्यांसारखा गुणगुणत होता. प्लग उलटा लावला, निम्मा गप्प झाला.
पहिल्या खेपेला विजेचा दाब उतरला, फीत रेंगाळली. दाब चढल्यावर ऐकलं तर माझा आवाज चिरका, धावत सुटलेला.
"चौदाची वाटते!" आई पदराआड हसली.
बाबा गंभीर. "हेच पाठवू या का?"
पाचव्या खेपेला मनासारखं जमलं. मी पाणी प्यायला आत गेले. आईने फीत डब्यात घातली, डबा कापडात शिवला. बाबांनी टपालात टाकला.

१९ फेब्रुवारी

फीत परत! सोबत चिठ्ठी — 'गायन उत्तम. त्यानंतरचे संभाषणही ऐकले. क्षमस्व.'
वकिलांकडे जाऊन लावली. गाणं संपतं आणि बाबांचा आवाज, खणखणीत — "चोवीस लिहिलंय. अठ्ठावीस आहे हे कोण मोजायला येतंय? दात थोडेच बघणार!"
वकील खोकत बाहेर गेले. मी हसून हसून खाली बसले. बाबा उभेच. घरी येऊन जेवले नाहीत.
"मशीन बंद कुणी नाही केलं?" बाबांनी विचारलं.
"मीच विसरले असेन," मी म्हणाले.
हसू ओसरल्यावर मात्र चिठ्ठी पुन्हा वाचली. गायन उत्तम! मग काय कमी पडलं? रडू आलं, त्याचाही राग आला.

२३ फेब्रुवारी, रविवार

भगवानराव आले. "परवा किसनरावच्या पोरीचं लगन हाय. जनरेटर भाड्यानं आणून राह्यलो. मांडवात तुम्हीच वाजवा, बाई. मले तर अजून सा बी सापडत नाही."
बाबा ताडकन उठले. "बँडात? मी कोर्टात तोंड कसं दाखवू?"
"तोंडाचं काय, आवाज तर पोचलाय अकोल्यापर्यंत!"
मी बोलून गेले. बाबांचा चेहरा पाहून जीभ चावली. पण भगवानरावांना हो म्हटलं.

२५ फेब्रुवारी

धाड. जनरेटर माझ्याहून मोठ्याने गात होता. क्लॅरिनेटवाले कडूबा आधी तिरपे बघत होते, "बाई काऊन आणली बे?" असं कुणाला तरी म्हणालेही. दुसऱ्या चालीला मान डोलावली, तिसरीला माझ्या सुरात आले. मांडवातल्या बाया जेवायच्या थांबल्या! एकही पट्टी चुकली नाही.
वधू बावीसची, असं सगळे म्हणत होते. मी मोजायला गेले नाही.

२६ फेब्रुवारी

आई भाकरी थापत होती. सहज विचारलं, "मशीन चालूच राहिलं, तुला कळलं नव्हतं?"
"कळलं होतं. तू आत होतीस, हे बाहेर गेले, तेव्हा फीत मागे घेऊन हळू ऐकली. मगच डबा शिवला."
"आई!"
"चार वर्षं पुसायची, तर त्यात तू जे शिकलीस ते कुठे टाकायचं होतं?" म्हणाली, आणि भाकरी उलटली.