मैदानातला कापडी बाण

दि. ४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. गेल्या रविवारी फोनवर मी घसा फोडून बोलत होते आणि तू प्रत्येक वाक्याला बरं बरं म्हणत होतीस. शेवटी मी माझा हात मोडल्याची थाप मारली, तर तू म्हणालीस, छान झालं, असंच होत राहो. तेव्हाच ठरवलं, आता आत्याला लिहायचं.

आमच्या उडी-शाळेच्या साहेबांनी या हंगामात माझ्या गळ्यात एक काम घातलंय. नवशिक्यांच्या दोन तुकड्या. एकीला तू शिकवायचीस त्या जुन्या पद्धतीनं शिकवायचं: पॅराशूटची दोरी विमानाला बांधलेली, विद्यार्थी कमी उंचीवरून पहिल्याच वेळी एकटा उडी मारणार आणि पॅराशूट आपोआप उघडणार. दुसरीला नव्या पद्धतीनं: खूप उंचावरून, दोन्ही बाजूंनी दोन शिक्षकांनी धरलेलं, आणि पॅराशूट ज्याचं त्यानं उघडायचं. हंगाम संपला की कोणती पद्धत ठेवायची ते मी सांगायचं. रागावू नकोस, पण माझं मन नव्या पद्धतीकडेच झुकतंय. तुझे दोरीवाले दारातून पोत्यासारखे पडतात गं!

त्या दोरीच्या तुकडीत एक वेल्डर आली आहे. दंड माझ्या दुप्पट, नजर घारीची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. जमिनीवरच्या सरावात ती सगळ्यांच्या पुढे आहे, तरी साहेब तिला एकटीला सोडायला तयार नाहीत. उतरताना आम्ही रेडिओवरून डावीकडे वळा, उजवीकडे वळा असं सांगतो, ते तिला ऐकू येणार नाही. साहेबांचं म्हणणं, तिला एखाद्या शिक्षकाच्या पोटाशी बांधून एकदा खाली आणा, फोटो द्या आणि घरी पाठवा. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिनं खांद्यावर गोणी उचलल्याची खूण केली आणि स्वतःकडे बोट दाखवलं. म्हणजे ती काय सामान आहे का, असं विचारत होती.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच वाढव.

तुझी,
भिंगरी

*

दि. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हात शाबूत आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. मला फोनवर पगार वाढला असं ऐकू आलं होतं, म्हणून छान म्हटलं.

आता तुझ्या पोत्यांबद्दल. ती दोरीमुळे पडत नाहीत बाई, शिकवणारीमुळे पडतात. तू नक्की त्यांना खाली बघू नका म्हणत असणार. तसं सांगितलं की माणूस खालीच बघतो आणि आक्रसतो. त्यांना उडी मारताना विमानाच्या पंखाच्या टोकाकडे बघायला सांग. मान वर गेली की छाती आपोआप उघडते.

रेडिओचं एवढं काय घेऊन बसलात? आमच्या वेळी विद्यार्थ्याच्या कानात बोलायला काही नव्हतंच. मैदानाच्या मधोमध आम्ही लाल कापडाचा भलामोठा बाण पसरायचो. एकीनं तो फिरवायचा आणि वरच्यानं बाण दाखवेल तिकडे तोंड करायचं. भर उन्हात तो फिरवून फिरवून माझ्या नाकाची सालं निघाली आहेत. जुन्या पॅराशूटचं कापड घे, आत बांबू घालून ताठ कर. पण एक लक्षात ठेव. तिला नुसतं बाणाचं ऐकायला शिकवू नकोस. बाण का फिरला, वारा कुठून आला, ते दर वेळी तिला विचार.

आणखी एक. माझे कान गेल्यापासून लोक माझ्याशी बोलायचेच कमी झाले आहेत. परवा डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याची चौकशी तुझ्या बाबांकडे बघून केली. गुडघा माझा आणि उत्तर देतोय दादा! तेव्हा त्या मुलीनं गोणीची खूण का केली ते मला बरोबर कळतं. साहेबांशी भांड. पण तयारीनिशी भांड.

तुझे बाबा ठीक आहेत. तू भिंगरी ती भिंगरीच राहा, एवढाच आशीर्वाद.

तुझी,
आत्या

*

दि. ९ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

पंखाचं टोक लागू पडलं. आता पोती पडत नाहीत, माणसं उडतात. घे, लिहून दिलं.

बाण शिवला. साहेबांनी आधी नाक मुरडलं. जुनं सामान पुन्हा मैदानात कशाला आणलंस म्हणाले. मी म्हटलं, वेल्डरवर नाही, आधी ऐकू येणाऱ्यांवर वापरून बघू. मग दोरीच्या तुकडीला बाणावर उतरवलं, नव्या तुकडीला रेडिओवरच ठेवलं, आणि जे दिसलं त्यानं माझेच डोळे उघडले. रेडिओवाले लटकल्या लटकल्या कान देऊन बसतात. त्या तुकडीत शिकणाऱ्या एका शाळामास्तरांचा रेडिओ मध्येच बंद पडला, तर ते सरळ मैदान ओलांडून कुंपणापलीकडच्या कोबीत जाऊन उतरले. का वळला नाहीत विचारलं, तर म्हणाले, कुणी सांगितलंच नाही! बाणवाल्यांची मात्र मान सारखी फिरत असते. बाण बघतात, वारा दाखवणारा कापडी मोजा बघतात, एकमेकांना बघतात.

साहेब स्वतः त्यांच्या पॅराशूटमधला कोबीचा पाला काढायला बसले. शेवटी म्हणाले, वेल्डरला घ्या यादीत, विमानाच्या दारात मी स्वतः बसतो. तिला कळवलं तेव्हा तिनं मला उचलून गरकन फिरवलं. आत्या, आनंद झाला, पण काळजीही वाटते. हट्ट माझा आहे आणि उडी तिची.

आठवण काढत राहा, धीर येतो.

तुझी,
भिंगरी

*

दि. १७ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी शेवट सांगते, म्हणजे तू नीट वाचशील. ती सुखरूप आहे.

साहेबांनी दारात खूण केली, ती पंखाच्या टोकाकडे बघत निघाली आणि तिचं पॅराशूट फुललं. बाण माझ्या हातात. मी डावीकडे फिरवला, ती डावीकडे. मी मागे फिरवला, ती मागे. ती बरीच खाली आली होती आणि मी बाणाचं टोक वाऱ्याच्या दिशेनं धरलं होतं. अचानक जोराची झुळूक आली, बांबू निसटला आणि बाणाचं टोक उलटून मागच्या बाजूवर जाऊन पडलं. वरून तो बरोबर उलटी दिशा दाखवत असणार. तसंच उतरली असती तर पाठीवर वारा घेऊन जमिनीवर आपटली असती. आणि ओरडून सांगायची सोय नाही.

क्षणभर ती बाणाप्रमाणे वळलीसुद्धा. मी हात हलवत धावायला पाऊल टाकलं, तेवढ्यात तिची मान कापडी मोज्याकडे गेलेली दिसली. मग परत बाणाकडे. मग ती ठामपणे बाणाच्या विरुद्ध वळली. मी जागच्या जागी उभी राहिले. ती वाऱ्याला सामोरी होऊन हळूच उतरली, गुडघ्यावर टेकली आणि उठली.

पॅराशूट गोळा करून ती तरातरा माझ्याकडे आली. मला वाटलं, मिठी मारेल. कसलं काय! तिनं बाणाकडे बोट केलं आणि कारखान्यात कच्चा सांधा फेकून देताना करतात तसा हात झटकला. चांगलं झापलं मला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

साहेबांना माझं मत सांगितलं. दोन्ही पद्धती ठेवा. नवीत माणूस हवेत लवकर स्थिर होतो, जुनीत स्वतःवर लवकर विसंबतो. पण दोन्हीकडे सुरुवात बाणावर, रेडिओ नंतर. साहेबांनी मान्य केलं, आणि पुढच्या तुकडीला बाण शिकवायला तुला बोलावलंय. येशील?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
भिंगरी

*

दि. २४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येणार म्हणजे काय, पिशवी भरून ठेवली आहे. बाण फिरवायला मात्र तरणंताठं माणूस दे. मी खुर्चीत बसून चुका काढीन.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग दादाला दिलं. त्यानं वाचून चष्मा पुसला आणि वेल्डरबाईंना त्याचाही नमस्कार कळवायला सांगितलं आहे.

त्या मुलीचं कौतुक वाटलं, फार वाटलं. पण मी अडकले ती दुसऱ्याच ठिकाणी. ती बाणाच्या विरुद्ध वळली तेव्हा तू उभी राहिलीस, असं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी असते तर धावले असते गं. हातवारे करत, मैदानभर. आणि वरून बघणाऱ्या त्या पोरीचा गोंधळ उडवला असता. तिनं आपलं ठरवलंय हे ओळखून हात खाली ठेवणं मला कधीच जमलं नाही, म्हणून ते मी तुला शिकवलेलंही नाही. तुझं तूच शिकलीस. माझी भाची माझ्याहून चांगली शिक्षिका आहे, हे मी आज शाईनं लिहिते आहे.

माया पत्रात मावत नाही, उरलेली बरोबर घेऊन येते.

तुझी,
आत्या