बॉयलर आधी की दलाल

चि. खटपट्या यास,

आत्याचे आशीर्वाद. (रागात असले तरी आशीर्वाद द्यावेच लागतात म्हणून देते आहे, त्यात जीव नाही हे आधीच सांगून ठेवते.) तुझी तब्येत बरी असेल. नसेल तर वेळेवर जेव, रात्रभर त्या पडद्यासमोर बसू नकोस, आपोआप बरी होईल. इकडचं विचारशील तर माझा रक्तदाब वाढलाय, तुझ्या काकाची, म्हणजे आमच्या दादाची, कंबर धरलीय, वहिनी दिवसभर त्या दोन्हींवर व्याख्यान देते आणि लाँड्रीतला बॉयलर गेलाय. आम्हा माणसांचं कसंबसं निभेल, बॉयलरचं निभत नाही.

बॉयलर गेला म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. वाफ नाही म्हणून रोलर गार पडलेत, सुकवायची खोली गार पडलीय, आणि हॉस्पिटलच्या ओल्या चादरींचे ढीग दारापर्यंत आलेत. तिथल्या मेट्रनबाईंनी मला तोंडावर सांगितलं की महिनाअखेरीपर्यंत चादरी पूर्वीसारख्या आल्या नाहीत तर काम दुसरीकडे जाईल. हॉस्पिटल गेलं की लाँड्री गेली, आणि लाँड्री गेली की तिच्या वरची माझी खोली गेली. बाकी सगळ्यांना आपापली घरं आहेत. मला ती एक खोली आहे आणि ही लाँड्री आहे. हे तुझ्या बाबांना पुरतं ठाऊक आहे, आणि तरी त्यांनी जागा विकायला दलाल गाठलाय.

तू म्हणशील, पैसे नाहीत का? आहेत की! लाँड्रीच्या खात्यात नवा बॉयलर बसेल एवढे आहेत. पण ते खातं आता तुझ्या त्या ब्लॉकचेनवर आहे, आणि तिथून पैसा बाहेर काढणं म्हणजे मांजराच्या तोंडातून लोणी काढणं. पूर्वी कसं सुटसुटीत होतं. हिशेब दादा वहीत ठेवायचा आणि बाकी सगळे त्याच्यावर संशय घ्यायचे, घर आनंदात होतं. मग तू सुट्टीला आलास, आमची भांडणं ऐकलीस आणि सात खोकी घेऊन आलास. म्हणालास, "आत्या, आता कुणी कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही." असं यंत्र, आणि ते चालवायला सात नातेवाईक! उंटावरचा शहाणा तो हाच, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मला समजावं म्हणून तू गाठोड्यांचं उदाहरण दिलंस, ते मात्र पटलं होतं. झालेले व्यवहार एका गाठोड्यात बांधायचे, त्याच्या चिठ्ठीवर आधीच्या गाठोड्याची खूण घालायची, म्हणजे मधे कुणाला काही घुसडता येत नाही. दर फेरीला एकाचं खोकं म्होरक्या. ते गाठोडं सुचवणार, बाकीची तपासणार, सातांतल्या पाचांनी हो म्हटलं की गाठ बसली. एकदा बसलेली गाठ ब्रह्मदेवाचा बाप आला तरी सुटत नाही. सातांत दोघे लबाड निघाले किंवा झोपले तरी काम अडत नाही, असंही तू छाती पुढे काढून सांगितलंस. आपल्या घराण्याकडे बघून निदान दहा खोकी आणायची होतीस, तीन लबाड तरी खपले असते.

आणि ते बटण! ही खोकी खरं तर आपली आपण डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हो म्हणतात. पण तुझे बाबा म्हणाले की मला न विचारता माझ्या नावानं हो म्हणणारं ते खोकं कोण लागून गेलं? (मीही मान डोलावली, डोलावली नाही असं नाही.) मग तू मोठ्यांचा मान म्हणून प्रत्येकाच्या खोक्याला एक बटण बसवलंस. झालं! यंत्र विचारतं, खात्यात एवढे पैसे आहेत का आणि आधी काय आलं? आमची माणसं उत्तर देतात, मला आवडलं की नाही.

आता नीट ऐक. दादानं सकाळी बॉयलरचे पैसे पाठवायला टाकले. तुझ्या बाबांनी दुपारी त्याच पैशांतून दलालाचे पैसे पाठवायला टाकले. पैसा एकदाच खर्च होणार, तेव्हा जो आधी आला तो घ्यायचा आणि दुसरा फेकून द्यायचा, इतकं सरळ. पण बाबांच्या खोक्याची पाळी आली की दलाल पुढे येतो, माझ्या खोक्याची आली की बॉयलर, आणि पाच काही जमत नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन विचारलं, तर वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणाले, "माझ्या खोक्यात दलाल आधी दिसला, त्याला मी काय करू?" सख्खा भाऊ! मला तिथेच रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडले नाही, जिना उतरून रडले.

आमच्या धाकट्या भावाची तर वेगळीच तऱ्हा. जन्मभर दोन्ही डगरींवर हात ठेवून जगलेला माणूस. एकाच फेरीत आम्हाला बॉयलरला हो पाठवलं आणि तुझ्या बाबांना दलालाला हो पाठवलं. इतकी वर्षं आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक होतं, पुरावा नव्हता. तुझ्या यंत्रानं दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि खोकं घेताना त्यानं ठेवलेली अनामत कापली. एवढंच एक काम त्या खोक्यांनी चांगलं केलं. तेव्हापासून तो लाजेनं बॉयलरच्या बाजूला चिकटून बसलाय.

पण गाठ बसत नाही ती नाहीच. तुझं यंत्र म्हणे खोटं बोलण्यापेक्षा गप्प राहणं पसंत करतं. इतकं सोज्वळ यंत्र आमच्या घरात कशाला आणलंस रे? चादरी कुजायला लागल्यात. मला तुझा, तुझ्या शिक्षणाचा आणि त्या सातही खोक्यांचा मनापासून राग आलाय. ती सगळी उचलून घेऊन जा आणि दादाची वही परत दे, एवढंच माझं मागणं.

तुझी, तुला अंगाखांद्यावर खेळवल्याचा पश्चात्ताप होत असलेली,
आत्या

ता. क. : वहीचं सोड. मी, दादा, वहिनी आणि दंड भरलेला धाकटा, असे चार झालो. तुझे आईबाबा दोन. सातवं खोकं तू स्वतःबरोबर घेऊन गेलास. ते चालू आहे, माझ्या पडद्यावर तुझ्या नावापुढे हिरवा दिवा दिसतो. आणि तू मूग गिळून बसला आहेस. बंद पडलेलं खोकं आणि घाबरलेला मुलगा यांतला फरक तुझ्या यंत्राला कळत नसेल, मला कळतो. बाबांचा फोन आला होता ना?

ता. क. दुसरा : माझी खोली आठवून बटण दाबू नकोस, तसं केलंस तर तुझ्यात आणि बाबांत फरक काय राहिला? तुझ्या खोक्यात आधी काय आलं तेवढं बघ. दलाल आधी आला असेल तर दलालाला हो म्हण, मी सामान बांधीन.

ता. क. शेवटचा : या पत्राची एक प्रत तुझ्या बाबांना आजच दिली आहे. काय चिडायचं ते माझ्यावर चिडतील. आता तुला भ्यायचं कारण नाही. दाब.