अमेरिकेचं मशीन

नवघर, भाईंदर (पूर्व)
१४ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

आज संक्रांत, तेव्हा आधी गोड बोलून घेते. रुचिताच्या नव्या नोकरीचं कळलं, तिला आत्याचे आशीर्वाद सांग. इकडे ठीक. लिफ्ट पुन्हा बंद आहे. चौक गावची कोळीण सुके बोंबील देऊन गेली, तुझी चौकशी करत होती. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

तुझा निरोप मिळाला. तुमच्या अमेरिकेतल्या मंडळात आईच्या आठवणीत कार्यक्रम आहे, तू तिच्यावर बोलणार आहेस, म्हणून तिची एकुलती एक रेकॉर्ड तुला हवी आहे. कळलं.

आधी मशीनचं सांगते. तिच्या पंचाहत्तरीला तू आणलेला रेकॉर्ड प्लेअर मी माळ्यावरून उतरवला. त्या दिवसानंतर आईने त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. उलटा करून पाहिला तर खाली पट्टीवर स्वच्छ लिहिलंय, साठ हर्ट्झ. आपल्याकडची वीज पन्नासची. तू ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवलंस, पण हर्ट्झ त्याने बदलत नाहीत आणि मोटरचा वेग ठरतो तो त्यांच्यावर. माझी सगळी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात गेली, एवढं मला कळतं. तबकडीवर कागदाचा तुकडा चिकटवून घड्याळ घेऊन बसले. मिनिटाला तेहतीस फेऱ्या हव्यात, अठ्ठावीसही भरेनात. मग बाईचा आवाज जाड आणि रडका येणारच की.

मोटरच्या पुलीवर वायरींना घालतात ती नळी चढवली, म्हणजे पुली जाड होऊन तबकडी जोरात फिरेल. जास्त झाली, काढली, दुसरी चढवली. शेवटी जमलं. सुई ठेवली आणि आई गायली.

दादा, आपली आई. गळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधीची, आपल्याला शाळेसाठी उठवायची ती. मी जमिनीवर बसून रडले. आणि मग मला तुझा भयंकर राग आला.

तुला आठवत नसेल. पंचाहत्तरीचा दिवस, सोसायटीचा हॉल भरलेला. ऑपरेशननंतर आपण इथे राहायला आलो, त्यामुळे तिला गाताना इथल्या कुणी ऐकलंच नव्हतं. रेकॉर्ड रेकायला लागली तशी ती खुर्चीतून म्हणाली, "जितू, मशीन चुकतंय रे." तू माईकवर म्हणालास, "आई, अमेरिकेचं मशीन आहे, ते चुकत नाही. गाणारीच चुकली असेल!" हॉल हसला. पाहुण्यांसाठी आईसुद्धा हसली. घरी आल्यावर तिने देवापुढे गुणगुणणंही सोडलं. तू तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवलास.

हेसुद्धा मी गिळलं असतं. पण हॉस्पिटलातून तिने तुला शेवटचा व्हॉइस मेसेज केला, तेव्हा फोन मीच तिच्या तोंडाशी धरला होता. "जितू, मशीन चुकत होतं रे. मी बरी गायचे." तू नुसता अंगठा पाठवलास. तिने मला विचारलं, "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "हो म्हणतोय."

परवा तिचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर त्याच हॉलमध्ये मी आधी तुझा व्हिडिओ लावला, पूर्ण आवाजात. सगळ्यांनी स्वतःचं हसणं ऐकलं. मग रेकॉर्ड लावली. समोरच्या पिंकीने ओढणीने डोळे पुसले. "सुचेताबेन, इतना मीठा आवाज! तो जितूभाई ऐसा क्यूँ बोले?" मी म्हटलं, "उन्हीं को पूछो." तुझा नंबर दिलाय. बऱ्याच जणांनी घेतलाय.

रेकॉर्ड मिळणार नाही. तिची कॉपीही नाही. मशीन मात्र कुरियरने पाठवलंय, नळी तशीच ठेवून. तुमच्या साठच्या विजेवर ते आता धावत सुटेल, कुठलीही गायिका त्यावर उंदरासारखी चिरकेल. कार्यक्रमात जरूर लाव. लोक हसले की माईक घे आणि सांग, अमेरिकेचं मशीन आहे, ते चुकत नाही.

वहिनीला नमस्कार.

बरी गाणाऱ्या आनंदीची मुलगी,
सुचेता