तिने मूठ मिटली

नेरूळ, रविवार, मे १९९६

यांच्या स्टुडिओच्या शोकेससाठी आज 'इथे इथे बस रे मोरा' हे बडबडगीत म्हणतानाचे फोटो काढले. नव्या पद्धतीने म्हणे, म्हणून मी जीन्समध्ये आणि चार वर्षांची आमची पिंकी मांडीवर. माझ्या नोकरीपायी तिला साताऱ्याला जाऊबाईंकडे ठेवलंय, सुट्टीपुरती आणली.

तिच्या तळहातावर बोट टेकवून मोराला दाणा घातला, तर तिने पटकन मूठ मिटली.

"काकू, आसं नाय. माझी आई आदी पानी पाजती."

जाऊबाईंची पोरं मला काकू म्हणतात, तीही तेच शिकली. आणि आई म्हणजे जाऊबाई. चूक कुणाची? माझीच ना?

"हास जरा, उजेड जातोय," हे म्हणाले. मी हसले. शोकेसमध्ये आम्ही मायलेकी म्हणून लागणार. मूठ मात्र तिने शेवटपर्यंत उघडली नाही.