आबांच्या गाडीचं इंजीन

रिहे, १२ ऑक्टोबर २००६

दादास,

जुन्या गाड्या जमवणारा एक माणूस काल आबांची लँडमास्टर बघायला आला व्हता. रंग न्हाई, गाद्या न्हाई, त्यानं आधी बॉनेट उघडलं. इंजनावरचा नंबर राकेलच्या चिंधीनं पुसला आन् आरसी बुकाशी ताडून बघितला. म्हणला, "ताई, हे डिझेल इंजीन मागनं बसवलंय. मूळचं असतं तर मागाल ती किंमत दिली असती. आता निम्मीबी न्हाई."

आबा अंथरुणाला खिळल्यावर तू गाडी गॅरेजात नेलीस, ती ह्यासाठी व्हय? डिझेल स्वस्त पडतं, मान्य. पर जुनं इंजीन तुझ्या गोठ्यात पोत्याखाली हाय, हे तुझ्या पिंकीनंच सांगितलं. फोनवर मागितलं तर म्हणतोस, "यमे, वाटणीच्या कागदात 'गाडी आहे त्या स्थितीत' लिवलंय. इंजनाचं नाव कुटं हाय?"

चांद्याच्या सहा एकरांवरचा हक्क सोडला मी. बदल्यात आबांची गाडी तेवढी मागितली, आन् तीबी तू पोकळ करून दिलीस!

तुझ्यापरीस माझाच लई राग येतोय. त्या परक्या माणसानं गाडी घ्यायच्या आधी नंबर पुसून वाचला. मी पौडच्या कचेरीत तू बोट ठेवलंस तितं सही केली.

हे पत्र टपालात टाकणार न्हाई. भाऊबीज बारा दिवसांवर आली. ये, ओवाळीन. पर ताटात नोट टाकलीस, की सगळ्यांदेखत उजेडाला धरून बघीन.

तुझी न वाचता सही करणारी बहीण,
यमुना