शेपटीतलं अंथरूण

निशी-कसाई, टोकियो

ती. बाबा,

लांबूनच वाकून नमस्कार. आम्ही मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? डबा देणाऱ्या काकूंची भाजी अजून तिखटजाळच असते का?

रविवारी मैथिलीला प्राणीसंग्रहालयात नेलं. तिथे ऑस्ट्रेलियातला बेटाँग नावाचा प्राणी आहे. जेमतेम सशाएवढा, कांगारूचा धाकटा चुलतभाऊच म्हणा. जगात आता फार थोडे उरलेत म्हणे. तो अंथरुणासाठी गवत गोळा करतो आणि शेपटीत गुंडाळून, उड्या मारत घरी नेतो! तुमची नात टाळ्या पिटत ओरडली, "आई, ओजीचानसारखा!" म्हणजे आजोबांसारखा. "ते पण म्हणाले होते ना, माझं अंथरूण मी घेऊन येतो?"

तुम्ही फोनवर तसं म्हणालात आणि मी "घर फार लहान आहे, बाबा" म्हणून घाईघाईने विषय बदलला. घर लहान आहे, ते खरंच. पण मधल्या खोलीत आम्ही नुसते कपडे वाळत घालतो, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

काल तिथल्या दोऱ्या काढून टाकल्या. एक गादी आरामात बसते, शेजारी तुमची काठीसुद्धा.

थंडी सरली की या. अंथरूण मात्र आणू नका.

तुमचीच,
प्रणिता