देव्हाऱ्यातलं लॉक

पप्पा, तुमचा कॉम्प्युटर चालू करायला मला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मी तुम्हाला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आजवर कुणाला घातल्या नाहीत. मनातच. माझी मोठ्याने बोलायची सवय तुम्ही ठेवलीच नाहीत.

तुमच्या लक्षातही नसेल. मी दुसरीत होते. हडपसरच्या गाळ्यात तुम्ही लग्नपत्रिका टाइप करताय, मी शेजारी स्टुलावर. मी माउसला हात लावला आणि नवरीचं नाव पुसलं गेलं. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही गिऱ्हाइकाकडे बघून शांतपणे म्हणालात, "आता पत्रिका आमच्या मॅडम करणार. नवरी कोण ते त्या ठरवतील, तुम्ही फक्त हॉल बघा." सगळे हसले, तुम्हीपण. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात, हसणं राहिलं. शाळेत तोंडी परीक्षेला उभी राहिले की तेच ऐकू यायचं. नववीत मी शाळा सोडली. आई सगळ्यांना सांगते, तब्येतीमुळे. तब्येतीला काहीच झालं नव्हतं.

आता मामाने मला मोबाइलच्या दुकानात चिकटवलं होतं, सोमवारपासून. दिवसभर काउंटरवर उभं राहून लोकांशी बोलायचं. मला जमणार नाही, हे मामाला सांगणंही जमलं नाही. मग तुमच्या ओळखीचे प्रिंटिंग प्रेसवाले काका आईला म्हणाले की त्यांच्या जुन्या फायली सगळ्या तुमच्याच सॉफ्टवेअरमधल्या आहेत, ते तुमच्या घरी चालत असेल तर दुरुस्त्या पोरीने घरून कराव्यात. कुणाशी बोलायचं नाही, नुसतं टाइप करायचं. म्हणून मी ते धूड माळ्यावरून खाली काढलं.

हार्ड डिस्क मेलेली. दुरुस्तीवाल्याने दुसरी जुनीच टाकून विंडोज घालून दिलं आणि म्हणाला, मराठी टायपिंगचं तुमचं तुम्ही बघा. तुमची सीडी अर्ध्यात अडकायची. टूथपेस्ट लावून पुसली, तेव्हा पुढे गेली. मग तारीखच चुकीची म्हणून अडकलं, आतला सेल संपला होता. तो बदलला. शेवटी इन्स्टॉल झालं आणि उघडायला गेले तर एकच ओळ, लॉक सापडत नाही. चार वेळा काढून परत टाकलं. तीच ओळ. शुक्रवारी एका व्हिडिओत कळलं की लॉक म्हणजे खरीच वस्तू असते, काडेपेटीपेक्षा लहान डबी, ती कॉम्प्युटरच्या मागे लावली तरच हे सॉफ्टवेअर उघडतं. एवढंसं कुठे लिहून ठेवायला काय झालं होतं पप्पा? सगळ्या गावाची बारशी-मुंजी टाइप करायला वेळ होता.

घर उलटंपालटं केलं. डबी सापडली देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, कुंकवाने लाल झालेली. तेव्हा आठवलं, दसऱ्याला तुम्ही ती काढून पूजेत ठेवायचात, यात आपली भाकरी आहे म्हणून. शेवटच्या दसऱ्याला ठेवलीत आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात नेलं. आईने ती उचललीच नाही. आठ वर्षं रोज हळदकुंकू.

मी म्हटलं, "आई, मशीनचा पार्ट आहे तो."

"असेल. आता देव आहे."

"त्याच्याशिवाय चालत नाही गं."

"त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवलंय. मी काढू देणार नाही."

मी देव्हाऱ्यासमोरून बाजूला झाले. नेहमीसारखी. पण काल आई भाजीला गेली तेव्हा मी तुमच्या प्रिंटरच्या तुटक्या वायरचं टोक कापलं. तसंच दिसतं, तशाच पिना. त्याला कुंकू फासून देव्हाऱ्यात ठेवलं आणि लॉक काढून घेतलं. टूथब्रशने पिनांमधलं कुंकू खरवडायला तास गेला. लावलं, आणि सॉफ्टवेअर उघडलं. मामाला मेसेज टाकला, सोमवारी येणार नाही. त्याचे तीन फोन आले, मी उचलले नाहीत.

काकांची पहिली फाइल येईपर्यंत हे टाइप करून बघतेय. मघाशी आई त्या वायरच्या टोकाला फूल वाहून आली आणि म्हणाली, "बघ, रोज पूजा केली म्हणून चालू झालं." मी हो म्हणाले. तिला कधी सांगणार माहीत नाही. याची प्रिंट काढणार नाही. फाइल सेव्ह करून लॉक काढून ठेवलं की ती कुणाला उघडता येत नाही, ते बरंय.

राग गेलेला नाही. पण माउसला हात लावायच्या आधी मी मागे वळून बघितलं, तुम्ही काही बोलताय का म्हणून.